एका पत्राचे परके वाचक

पत्रवाङ्मयाचे दोन प्रकार आम्ही मानतों. पहिल्यांत पत्र हें केवळ वेषांतर असतें. लोकहितवादींचीं 'शतपत्रें' या जातीचीं. तीं वर्तमानपत्रासाठींच लिहिलेलीं, आणि त्यांचा वाचक आरंभापासून सारा समाज होता. दुसऱ्या प्रकारांत पत्र हें खरोखरीचें पत्र असतें. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा असतो. आणि पुढें तें छापून निघतें तेव्हां आपण बाकीचे सारे, कितीहि रसिक असलों तरी, दुसऱ्याचें पाकीट उघडून वाचणारे असतों. साने गुरुजींचीं 'सुंदर पत्रें' पुतणीला लिहिलेलीं आहेत हें विसरून तीं वाचतांच येत नाहींत. परंतु असेंहि एक पत्र आहे कीं ज्याचा मूळ वाचक जगानें साफ विसरून टाकिला, आणि मग त्या पत्राचा अर्थच हळूहळू पालटत गेला. त्या पत्राविषयीं आज चार शब्द लिहिण्याचा विचार आहे.

'दि मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस' हें तें पुस्तक. ग्रंथकार व्हिएतनामी भिक्षु थिच न्हाट हान. 'थिच' हें नांव नव्हे. तें 'शाक्य' या शब्दाचें व्हिएतनामी रूप असून तेथील भिक्षु तें आपल्या नांवामागें लावतात. इंग्रजी भाषांतर १९७५ सालीं निघालें, आणि दैनंदिन जीवनांत, चालतां-बोलतां, भांडीं घासतां व चहा पितां चित्त जागृत कसें ठेवावें, या विषयावर पुढें जे शेंकडों ग्रंथ निघाले, त्यांतील निम्म्यांची बीजें या लहानशा पुस्तकांत सांपडतात. पण मुळांत हें पुस्तकच नव्हतें. १९७४ सालीं, देशाबाहेर फ्रान्समध्यें राहावें लागलेल्या या भिक्षूनें दक्षिण व्हिएतनाममधील क्वांग नांवाच्या एका बंधूला लिहिलेलें हें लांबलचक पत्र होतें. क्वांग हे समाजसेवा करणाऱ्या तरुणांच्या एका शाळेंतील प्रमुख कार्यकर्ते. ती शाळा न्हाट हान यांनींच आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ सालाच्या सुमारास काढिली होती. बाँबनें उध्वस्त झालेलीं खेडीं पुन्हां उभीं करावयाचीं, शाळा व दवाखाने चालवावयाचे, आणि युद्धांतील कोणत्याहि पक्षाची बाजू घ्यावयाची नाहीं, असा तिचा बाणा. जो कोणाच्याच बाजूचा नसतो त्याच्याविषयीं दोन्ही बाजूंना संशय येतो, हें जगाचें जुनें शास्त्र आहे. १९६७ सालीं या शाळेंतील चार तरुणांना सायगांव नदीच्या कांठीं नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या. ज्यांच्या सोबत्यांचें असें झालें होतें आणि ज्यांचें स्वतःचेंहि केव्हां तसेंच होईल याचा नेम नव्हता, त्यांना हा गुरु दूर देशांतून लिहितो, आणि लिहितो काय, तर भांडीं घासतांना भांडींच घासावीं! हा विरोध ज्याला जाणवला नाहीं त्याला हें पुस्तक कळलेंच नाहीं, असें आमचें मत आहे.

भांड्यांचा हा भाग या पुस्तकांत सर्वांत प्रसिद्ध. ग्रंथकाराचें म्हणणें असें कीं, भांडीं दोन रीतींनीं घासतां येतात : तीं स्वच्छ व्हावींत म्हणून, किंवा घासणें हेंच आतांचें काम आहे म्हणून. पुढें मिळणाऱ्या चहाच्या पेल्यावर डोळा ठेवून जो भांडीं उरकतो तो तेवढा वेळ जगतच नाहीं. आणि चहा हातांत आला म्हणजे तो तरी त्याला पितां येतो असें थोडेंच आहे! तेव्हां मन आणखी तिसऱ्याच कामाकडे धांवलेलें असतें. हा विचार सरळ आहे, नवाहि नाहीं. परंतु त्यालगत एक आठवण येते, आणि आमच्या दृष्टीनें पुस्तकाचा जीव तिच्यांत आहे. ग्रंथकार तू हिएव मठांत श्रामणेर असतांना, सारे भिक्षु मठांत परतत त्या काळांत, शंभराहून अधिक माणसांचा स्वयंपाक व भांडीं दोघां श्रामणेरांना उरकावीं लागत. साबण नव्हता. राख, भाताचा तूस आणि नारळाची शेंडी एवढींच साधनें. हिवाळ्यांत पाणी इतकें गार कीं आधीं मोठें भांडेंभर तापवून घ्यावें तेव्हां कोठें हात चाले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं लहानपणीं मागल्या पडवींत पितळी भांडीं चिंच-राखेनें व काथ्यानें घासलेलीं पाहिलीं आहेत, त्यांना या ठिकाणीं व्हिएतनाम परका वाटावयाचा नाहीं. जो मनुष्य असल्या राखेंत हात घालून आलेला आहे तो साबण व ऊन पाण्याचा नळ हाताशीं असतांना भांडीं घासण्यांत आनंद आहे म्हणतो, तेव्हां त्या म्हणण्याला वजन येतें. तेंच वाक्य, ज्याच्या घरीं सकाळीं भांडेवाली येते अशा मनुष्याच्या तोंडीं शोभेल काय?

हा प्रश्न आम्हीं आपण होऊन काढिलेला नाहीं. हें प्रकरण आम्हीं घरीं मोठ्यानें वाचून दाखविलें. ऐकणारांत दोन पिढ्यांतील स्त्रिया होत्या. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं; मग आमच्या वहिनींनीं शांतपणें विचारिलें, "हें लिहिणाऱ्यांना दुसऱ्या दिवशींहि तींच भांडीं घासायचीं होतीं का हो?" टीकाशास्त्राच्या दृष्टीनेंहि हा प्रश्न मोलाचा आहे. श्रामणेर होते तोंवर होतीं, हें खरें उत्तर. पण श्रामणेराचा पुढें भिक्षु होतो आणि भिक्षूचा आचार्य होतो. घरांतील बाईचा पुढें कोण होतो? वहिनींना उत्तर देण्याच्या भरांत आम्हीं तीन आठवडे रात्रीचीं भांडीं अंगावर घेतलीं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ध्यानांत आलें कीं, कढईच्या तळाशीं हात फिरत असतांना मन प्रस्तुत परीक्षणाचीं वाक्यें जुळवीत आहे. पुढें दोन वेळां, दोनच वेळां, असें झालें कीं पाण्याचा आवाज, ताटाची कड आणि हात यांपलीकडे कांहीं नव्हतें. तो क्षण फार सुखाचा होता असेंहि म्हणवत नाहीं. तो नुसता होता, आणि पुरेसा होता. ग्रंथकार सांगतो तें खोटें नाहीं, एवढी साक्ष आम्ही देऊं शकतों. पण चौथ्या आठवड्यांत आपण मोकळे होणार हें त्या वेळींहि आम्हांस ठाऊक होतें, आणि तेवढ्यापुरती आमची साक्ष लंगडी आहे.

येथें मराठी वाचकाला एक आडवळण घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. या पत्राचा उपदेश असा कीं हात जेथें आहे तेथें मन असावें. आमच्या घरकामाची वाङ्मयीन परंपरा याच्या बरोबर उलट आहे. जात्यावर बसलेली बाई दळतांना दळण्याकडे लक्ष देत नाहीं. ती ओवी म्हणते, आणि ओवींत ती माहेरीं जाते, भावाची वाट पाहते, पंढरीच्या वाटेला लागते. जनाबाईची तर गोष्टच निराळी. तिचा हात खुंट्यावर आणि मन विठ्ठलाजवळ. एवढेंच नव्हे, तर भक्तांच्या श्रद्धेप्रमाणें विठ्ठलच दळूं लागतो. आमच्या रसिकतेचें ध्येयहि देहभान विसरणें हेंच. कीर्तनांत, गाण्यांत, नाटकांत 'भान हरपलें' ही आम्ही स्तुति समजतों. आणि येथें एक भिक्षु सांगतो कीं भान हरपूं देऊं नका! पहांटेच्या अंधारांत दळणाऱ्या सासुरवाशिणीला, माहेर सोड आणि जात्यावर मन ठेव, असें सांगण्याचें धैर्य आम्हांला तरी होणार नाहीं. तिचें मन जें पळून जात होतें तें आळसानें नव्हे. शरीर जेथें अडकलें होतें तेथून सुटण्याचा तेवढाच एक मार्ग तिला मोकळा होता. जाणीव ठेवण्याचा उपदेश ज्याला जागा सोडण्याची मोकळीक आहे त्याला करणें सोपें. ज्याला ती नाहीं त्याला तोच उपदेश 'आहे त्यांत समाधान मान' असा ऐकूं येतो. या आक्षेपाचें पूर्ण निरसन प्रस्तुत पुस्तकांत नाहीं. एक अंधुक उत्तर मात्र आहे, तें संत्र्यासारख्या एका फळाच्या गोष्टींत. जिम नांवाचा ग्रंथकाराचा तरुण अमेरिकन मित्र पुढील बेत रंगवीत एकामागून एक फोडी तोंडांत टाकीत होता. फळ त्याच्या हातीं होतें, पण तो खात होता ते बेत. हाच जिम पुढें युद्धविरोधी कृत्याबद्दल तुरुंगांत गेला, तेव्हां गुरूनें त्याला त्या फळाची आठवण देऊन अगदीं थोडक्यांत लिहिलें कीं तुरुंगवासहि त्या फळासारखाच समज. जिम स्वतःच्या निवडीनें आंत गेला होता, हें विसरतां कामा नये. पण चार भिंतींतहि ज्याचें मन पळत नाहीं त्याच्यावर भिंतींची सत्ता थोडी कमी चालते, हें म्हणणें आम्ही फेटाळूं शकत नाहीं. जनाबाईच्या ओवीशेजारीं तें ठेवून पाहावें एवढेंच म्हणतों.

शब्दाचाहि थोडा विचार केला पाहिजे. पालींत मूळ शब्द 'सति', म्हणजे संस्कृतांतील 'स्मृति'. १८८१ सालीं ऱ्हिस डेव्हिड्स या पंडितानें पाली सूत्रांच्या आपल्या भाषांतरांत त्यासाठीं 'माइंडफुलनेस' शब्द योजिला, आणि पुढें तोच रूढ झाला. शब्द वाईट नाहीं; पण त्यांतून आठवण गळून गेली आणि केवळ वर्तमान क्षण उरला. पाली सूत्रांत स्मृतिमान् पुरुषाचें लक्षण सांगतांना, फार पूर्वीं केलेलें व बोललेलें ज्याला आठवतें तो, असेंहि म्हटलेलें आहे. क्वांगला हें पत्र वाचतांना त्या चार सोबत्यांची आठवण येत नसेल असें कोण म्हणेल? आजचे उपदेशक भूतकाळ सोडा, भविष्य सोडा, असें घोकतात. पण ज्या शब्दावर त्यांची इमारत उभी आहे त्याचा पायाच स्मरणाचा आहे. मराठींत 'सजगता', 'जागरूकता' असे शब्द हल्लीं चालतात. आम्हांला 'अवधान' अधिक आवडतें. ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांकडे मागितलें तें अवधानच. आणि 'सावधान' हा शब्द तर आमच्याकडे बोहल्यावर उच्चारला जातो, जेथें ऐकणाऱ्यांतील एकाचेंहि चित्त ठिकाणावर नसतें! तो शब्द खरोखर ऐकून उठून गेलेला एकच नवरदेव आख्यायिकेला ठाऊक आहे.

ज्या सूत्रावर हा सारा व्याप उभा आहे तें 'सतिपट्ठान सुत्त' मज्झिमनिकायांत दहावें आहे, आणि कुरुदेशांतील कम्मासधम्म या गांवीं तें सांगितलें गेलें अशी परंपरा आहे. त्यांत भिक्षूनें कोठें कोठें भान ठेवावें याची यादी आहे. जातांना-येतांना, हातपाय आंखडतांना-पसरतांना, चीवर व पात्र घेतांना, खातां-पितां-चघळतां, मलमूत्रविसर्जन करतांना, बोलतांना आणि गप्प राहतांना. आमच्या नजरेला या यादींत दोन गोष्टी आल्या. एक, शौचाचा उल्लेख. आधुनिक गोंडस पुस्तकांत चहा असतो, फूल असतें, पण हा उल्लेख बहुधा सोयीस्करपणें गळालेला असतो. दुसरी, भांडीं घासणें या यादींत नाहीं. असणार कसें? भिक्षापात्र धुतलें कीं भिक्षूचें काम संपलें. रांधणें व घासणें हें ज्यांच्या दारीं तो उभा राहतो त्यांचें काम. पुढें चीन-जपानकडील मठांत भिक्षु स्वतः राबूं लागले. जपानच्या दोगेन आचार्यानें १२३७ सालीं मठांतील स्वयंपाक्यासाठीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे न्हाट हान यांनीं भांडीं घासण्याला ध्यानांत जी जागा दिली ती मूळ सूत्रांतून उचललेली नाहीं. ती श्रम करणाऱ्या मठांची मिळकत आहे.

पुस्तकाच्या गुणदोषांविषयीं. रचना सैल आहे; श्वास मोजण्याच्या सूचना पुनःपुन्हां येतात. टॉलस्टॉयची तीन प्रश्नांची गोष्ट शेवटाकडे सबंध सांगितली आहे; ती उत्तम आहे, पण ती टॉलस्टॉयची आहे, आणि ज्याची स्वतःची आठवण इतकी सकस त्यानें उसनें आणावें हें बरें वाटत नाहीं. सर्वांत सुंदर भाग आम्हांस अगदीं आरंभींचा वाटला. एक संसारी मित्र आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन भेटीस येतो आणि सांगतो कीं, पूर्वीं मी वेळेच्या वाटण्या करीत असें : इतका मुलाचा, इतका बायकोचा, इतका घरकामाचा, आणि उरेल तो माझा. आतां मुलाचा अभ्यास घेतों तोहि माझाच वेळ असें मानूं लागल्यापासून मला वेळच वेळ आहे! हें वाचतांना आम्हांला धर्मानंद कोसंबींची आठवण झाली. गोव्यांतील हा थोर विद्वान् बुद्धाच्या मार्गाच्या शोधांत १८९९ सालीं पत्नी व तान्ही मुलगी यांस मागें ठेवून घराबाहेर पडला. त्या वाटचालीची हकीकत 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे, आणि मराठी आत्मचरित्रांत तिच्याइतकी निर्भीड हकीकत थोडीच सांपडेल. आमच्याकडे या मार्गाचा आरंभ असा घर सोडण्यानें झाला. आजहि इगतपुरीस, जेथें १९७६ सालापासून सत्यनारायण गोएंकांचें विपश्यना-केंद्र आहे, दहा दिवस मौन धरून घरापासून दूरच राहावें लागतें. या पत्रांतील गृहस्थ मात्र मुलाच्या वहीवर वांकून बसतो आणि तेथेंच साधना करूं म्हणतो. कोणतें अधिक कठीण, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. अभ्यास घेणारांनीं तो करावा.

पत्राच्या अखेरीस बत्तीस अभ्यास दिले आहेत. पहिले गोड आहेत : जाग येतांच किंचित् स्मित करणें, सावकाश चहा करणें, घर झाडणें, आठवड्यांतील एक दिवस भानाचा म्हणून राखणें. जगानें हेच उचलले. शेवटचे निराळे आहेत. स्वतःचा सांगाडा डोळ्यांसमोर आणावयाचा; मेलेल्या प्रियजनाचें ध्यान करावयाचें; आणि ज्याचा सर्वांत अधिक तिरस्कार येतो त्या माणसाला समोर आणून, तो कशानें सुखी होतो, कशानें दुःखी होतो, त्याचें मन कोणत्या समजुतींनीं बांधलेलें आहे, हें त्याच्याविषयीं करुणा उपजेपर्यंत पाहावयाचें. क्वांगसारख्याच्या बाबतींत हा तिरस्काराचा विषय म्हणजे चार मित्रांना गोळ्या घालणारा मनुष्य, हें ध्यानांत आणिलें कीं या अभ्यासाचें भयंकर स्वरूप उघड होतें. चहाचा अभ्यास हा त्या अभ्यासाच्या तयारीसाठीं आहे. ज्याला कपबशीजवळ पंधरा मिनिटें टिकतां येत नाहीं तो त्या चेहऱ्यासमोर कसा टिकेल? पुस्तकाची संगति ही अशी आहे. आणि नेमकी तीच पुढें तुटली.

१९७९ सालीं जॉन काबट-झिन यांनीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत जुनाट वेदनांनीं गांजलेल्या रोग्यांसाठीं आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. एक बेदाणा मिनिटें-मिनिटें हाताळून, हुंगून मग खाणें हा त्यांतील प्रसिद्ध पाठ. त्याला हंसण्याचें कारण नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २७६ चिंताग्रस्त रोग्यांवरील एका तुलनेंत हा अभ्यासक्रम एका रूढ औषधाच्या बरोबरीनें उतरला. त्याच वर्षीं इंग्लंडकडील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरील मोठ्या प्रयोगांत मात्र मुलांना त्यापासून विशेष लाभ दिसला नाहीं. औषध रोग्याला द्यावें, शिष्याला देऊं नये, एवढाच याचा बोध असेल. पण पुढें हीच विद्या मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत गेली, आणि युद्धावर निघालेल्या अमेरिकन मरीन सैनिकांनाहि ती शिकविण्यांत आल्याचा अभ्यास २०१० सालीं छापून आला. बाँबखालच्या खेड्यांत काम करणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राची विद्या सैनिकाच्या पडशींत पोंचली! रोनाल्ड पर्सर यांनीं २०१९ सालच्या आपल्या पुस्तकांत या व्यापारावर कडक टीका केली आहे. ती बरीचशी आम्हांला पटते. मात्र 'भोळ्या भिक्षूला फसविलें' असा कोणी सूर काढील तर तो खरा नाहीं. काबट-झिन यांच्या १९९० सालच्या ग्रंथाला खुद्द न्हाट हान यांचे प्रास्ताविक शब्द आहेत. २०२२ सालीं आपल्या जुन्या तू हिएव मठांत देह ठेवीपर्यंत त्यांनीं परक्या वाचकांना दार बंद केलें नाहीं. पाकीट त्यांनीं स्वतःच उघडें ठेविलें होतें. वरचा पत्ता न वाचण्याचा दोष वाचणारांचा.

म्हणून हें पुस्तक मराठींत आणणारानें एका गोष्टीकडे लक्ष द्यावें अशी आमची सूचना आहे. व्हिएतनामी भाषेंत समोरच्याला संबोधतांना नात्याचाच शब्द वापरतात. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, असें कांहींतरी ठरविल्यावांचून वाक्यच पुरें होत नाहीं. इंग्रजींतील एकाच सर्वनामांत हें सारें बुडून गेलें, आणि क्वांगच्या जागीं कोणीहि बसूं शकेल अशी सोय झाली. मराठीला ही सोय नाहीं. येथें 'तूं' किंवा 'तुम्ही' ठरवावेंच लागतें. 'तुम्ही' घातलें तर तें व्याख्यान होईल, आणि आमच्यासारखे वाचक खुर्च्या ओढून पुढें बसतील. भाषांतरकारानें निःशंकपणें 'तूं' घालावें, आणि दर प्रकरणांत एकदां तरी क्वांगचें नांव येऊं द्यावें.